किटलीला बसलेली टोपी

माननीय व्याहीबुवा यांस,

सादर सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. किटली सुखरूप आहे आणि चहा आता बराच वेळ गरम राहतो, हे वाचून समाधान वाटलं. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत ते आपण लिहिलं नाहीत, पण किटलीबद्दल इतकं सविस्तर लिहिलंत त्यावरून घरात बाकी सगळं ठीक असावं असं मी धरून चालतो. माझी प्रकृती चांगली आहे. (आपण विचारलं नव्हतं. पण पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.)

आपलं पत्र आलं की मी ते उभं राहून वाचतो, हे आपल्याला ठाऊक नसेल. आपण आयुष्यभर शाळातपासनीस होतात आणि मी गावच्या एकखोली शाळेतला मागच्या रांगेतला मुलगा. तपासनीस यायचे त्या दिवशी मास्तर आम्हा मागच्या रांगेला पाणी आणायला पाठवायचे, आणि घागरी भरल्या तरी लगेच यायचं नाही अशी ताकीद द्यायचे. त्यामुळे शाळा संपेपर्यंत तपासनिसांनी मला पाहिलं नाही आणि मी त्यांना पाहिलं नाही. ती भेट थेट लेकीच्या लग्नाच्या बोलणीत झाली. तेव्हापासून आपला लिफाफा हातात आला की पाय आपोआप सरळ होतात. शिवाय आपण पत्रातही मुद्द्यांना आकडे घालता. पहिला मुद्दा, किटलीचं आवरण पोचलं, आभार. दुसरा, भिंगरीचा घसा. तिसरा, निरोपाच्या वेळी मी येण्याची तसदी घेऊ नये. खाली सही. मी तिन्ही मुद्दे उभ्यानं वाचले आणि मग बसलो. तिसऱ्या मुद्द्यानंतर बसावंच लागलं.

पहिल्या मुद्द्याबद्दल एक गोष्ट नम्रपणे कळवतो. आपण किटलीला घातलेली वस्तू ही टोपी आहे. म्हणजे डोक्याची. डोकं भिंगरीचं. आपल्या नातीचं आणि (कागदोपत्री कुठे नोंद नसली तरी) माझ्याही.

आता हे असं कसं झालं ते सांगतो. मागच्या पत्रात मी आपल्याला लिहिलं होतं की जावईबापू परदेशी रुजू झालेच आहेत, महिनाअखेर आमची मुलगी भिंगरीला घेऊन विमानानं जाणार, परत कधी येतील ते त्यांनाही सांगता येत नाही. तर त्याआधी चार दिवस नातीला माझ्याकडे पाठवता का. आपण उत्तर दिलंत की माझ्या खोलीत गारवा आहे, भिंतीला ओल आहे, मुलीला थंडी बाधेल. ओल होती, हे मला मान्य आहे. बोलणीच्या वेळी आपण माझ्या खोलीत आला होतात तेव्हा भिंत बोटानं दाबून पाहिली होतीत आणि बोट रुमालाला पुसलं होतंत. त्या वेळी बाकीचे लोक काय बोलत होते ते मी विसरलो, पण तो रुमाल मला घडीसकट आठवतो. असो. थंडी हे कारण असेल तर थंडीवर उपाय करता येतो, असा मी साधा विचार केला. मी वाद घातला नाही. मी टोपी विणायला घेतली.

साधी टोपी बाजारात मिळते, मग विणायची कशाला, असं आपण विचाराल. (आपण विचारणार नाही. आपल्याला वाटतं ते किटलीचं आवरण आहे.) त्याचं उत्तर देण्यासाठी मला बेडकाबद्दल सांगावं लागेल. दर रविवारी संध्याकाळी आमची मुलगी फोन लावून देते आणि भिंगरी माझ्याशी बोलते. सुरुवातीला आम्ही दोघंही गप्प बसायचो. चार वर्षांच्या माणसाशी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं, आणि तिला माझ्याशी. मी बस डेपोत सीटा शिवतो. फाटलेलं रेक्झिन, दबलेला स्पंज आणि प्रवाशांनी सीटांवर कोरलेली नावं, एवढाच माझा अनुभव. शेवटी एका रविवारी मी एक बेडूक तयार केला आणि त्याला बस चालवायला दिली. हिरवी बस. या ड्रायव्हरला शिट्टी समजत नाही, घंटी समजत नाही, हात दाखवला तर तो उलट हात दाखवून पुढे जातो. थांब्यावर उभं राहून मोठ्यानं डराव म्हटलं तरच तो गाडी थांबवतो. जो लाजतो त्याची बस निघून जाते. भिंगरीला हा नियम फार पटला. तेव्हापासून आमचा दर रविवार बेडकाच्या बसमध्ये जातो. ती थांब्यावर उभी राहते, मी ड्रायव्हर होतो, कधी उलट. तर टोपी करायची म्हटल्यावर ती या ड्रायव्हरचीच करायची, हे ओघानं आलं. वर दोन बटबटीत डोळे, आणि पुढे ड्रायव्हरच्या टोपीला असतो तसा छज्जा.

मला क्रोशा येत नव्हता. आमच्या डेपोत तिकीट खिडकीवर एक बाई आहेत. सगळे त्यांना पुढची खिडकी म्हणतात, कारण कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर तेच असतं. काउंटरखाली त्यांच्या मांडीवर कायम दोऱ्याचा गुंडा आणि क्रोशाची सुई. मी शिकवता का म्हणून विचारायला गेलो तेव्हा मलाही त्यांनी पुढच्या खिडकीवर पाठवलं. पुढची खिडकी गेली कित्येक वर्षं बंद आहे. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो आणि परत आलो, तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बरं. म्हणजे खरंच शिकायचंय." मग शिकवणी सुरू झाली. खिडकीच्या काचेला खाली अर्धगोल भोक आहे, तिकीट आणि सुटे पैसे जायला. त्यातून मी विणलेलं आत सरकवायचं, त्या ते उलटंसुलटं करणार, आणि बाहेर सरकवत म्हणणार, "उसवा." माझ्यामागे रांग असायची. एका प्रवाशानं तर माझ्या हातातला हिरवा तुकडा बघून, ही गाडी कुठे जाते, असंही विचारलं.

क्रोशात एका टाक्याला मुका खांब म्हणतात. ते नाव ऐकून मला उगीचच हुरूप आला. लेकीच्या लग्नाच्या बोलणीत मी तेच काम केलं होतं. पण प्रत्यक्षात जमेना. टोपी माथ्यापासून सुरू करून गोल गोल वाढवत न्यायची असते, आणि ठरावीक जागी एकाच घरात दोन टाके घालून घेर वाढवायचा असतो. वाढवायला विसरलं की वाटी होते, जास्त वाढवलं की झालर. माझी आधी वाटी झाली, मग झालर झाली. त्यात रेक्झिन ताणून ताणून माझा हात असा घट्ट झालेला की पहिली टोपी टेबलावर ठेवली तर टप असा आवाज आला. बाईंनी ती नखानं वाजवून पाहिली. "हात सैल सोडा हो," त्या म्हणाल्या, "बसवर घालायचीय का मुलीच्या डोक्यावर?" मी रोज कामाला बसण्याआधी देवापुढे हात जोडतो. त्या दिवसांत माझं मागणं जरा बदललं होतं. एरवी मी सगळ्यांना सुखी ठेव म्हणतो. तेव्हा म्हणायचो, टाके मोजताना कुणाची हाक येऊ देऊ नको. दोन्ही मागण्या अजून पडून आहेत. पण त्याच्याकडे गर्दी फार, आणि कुणाला पाठवायला पुढची खिडकीही नाही.

खरं घोडं अडलं ते मापाशी. आमच्या मुलीला विचारलं असतं तर तिनं टेप घेऊन भिंगरीचं डोकं मोजलं असतं. पण आपल्या घरात टेप निघाला की तो कशासाठी, अशी विचारणा होते, आणि तिला खोटं बोलता येत नाही. (हा दोष तिच्यात माझ्याकडून आला आहे. सासरी तो फार जाचतो.) मग मला पातेलं आठवलं. गेल्या वर्षी आमची मुलगी भिंगरीला घेऊन दोन गाड्यांच्या मधल्या वेळात माझ्याकडे येऊन गेली होती. तेव्हा भिंगरीनं माझं दुधाचं छोटं पातेलं डोक्यावर पालथं घातलं आणि खोलीभर फिरली. ते तिच्या भुवयांच्या वर अगदी नेमकं बसलं होतं. त्या पातेल्यात मी अजूनही दूध तापवतो, फक्त घासताना जरा हलक्या हातानं घासतो. माझ्याकडे तिचं तेवढंच माप होतं. मी टोपी पातेल्यावर घालून घालून विणली.

घट्ट हातामुळे दुसरी टोपी पातेल्यावर चढली ती उतरेचना. ओढून पाहिली, पाणी लावून पाहिली. शेवटी सकाळी ते पातेलं टोपीसकट डेपोत घेऊन गेलो. खिडकीच्या भोकातून ते आत जाईना, म्हणून पुढची खिडकी आपल्या खोलीतून उठून बाहेर आल्या. त्या उभ्या राहिल्यावर किती उंच आहेत ते डेपोत कुणालाच माहीत नव्हतं. सगळे बघत राहिले. आपल्या घराच्या बाजूला जाणारी गाडी चालवणारा ड्रायव्हर तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, "काका, दूध आजारी आहे का?" मी त्याला बेडकाचं सांगितलं. त्यानं डोळे हातात घेऊन पाहिले (ते मी आधीच करून ठेवले होते, सीटचा स्पंज भरून) आणि म्हणाला, "ड्रायव्हरच्या डोक्यावर डोळे, हे मात्र बरोबर आहे. मागचे प्रवासी काय काय करतात ते दिसायलाच पाहिजे." बाईंनी पातेलं चारी बाजूंनी फिरवलं. काय म्हणाल्या ते आपण ओळखलंच असेल.

तिसरी टोपी उतरली. तिला मी पुढे छज्जा लावला, आत रेक्झिनची पट्टी घालून, म्हणजे तो ताठ राहावा. हनुवटीखाली बांधायला नाडी लावली. आणि बाजूंना दोन भोकं ठेवली. ही भोकं म्हणजेच या सगळ्या प्रकरणाचं मूळ, म्हणून त्यांचा खुलासा करतो. थंडीच्या टोपीला कानाला भोकं ठेवू नयेत एवढं मलाही कळतं. पण एका रविवारी मी भिंगरीला सहज विचारलं होतं की बेडूक ड्रायव्हरनं टोपी घातली तर चालेल का. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "चालेल, पण कान बाहेर पाहिजेत. नाहीतर त्याला डराव कसं ऐकू येणार? लोक थांब्यावरच राहतील." हे बिनतोड होतं. आपण तपासणीत मुलांना विचारायचात त्या प्रश्नांना एवढं चांगलं उत्तर किती वेळा मिळालं असेल याची मला शंका आहे. मी भोकं ठेवली आणि झाकायला वरून दोन झडपा केल्या. कान बाहेर काढायचे असतील तेव्हा झडप वर, थंडी असेल तेव्हा खाली. पुढच्या खिडकीनं टोपी आत घेतली, बघितली, पुन्हा बघितली, आणि बाहेर सरकवली. मी विचारलं, उसवू का? त्या रांगेकडे बघत म्हणाल्या, "पुढचे कोण आहेत?" त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक आजवर कुणाला मिळालेलं नाही.

आता आपलं पत्र पुन्हा समोर ठेवतो. आपण लिहिता की आवरणाची रचना विचारपूर्वक केली आहे. एका भोकातून तोटी व दुसऱ्यातून कान (किटलीचा) उत्तम बसतो. तोटीवर पुढे आलेल्या पट्टीमुळे चहाचे थेंब टेबलक्लॉथवर पडत नाहीत. वरच्या दोन मुठी आवरण उचलायला सोयीच्या आहेत, मात्र डावी मूठ उजवीपेक्षा बसकी आहे, पुढच्या वेळी लक्ष द्यावं. खालची नाडी किटलीच्या बुडाखाली बांधता येते, हे विशेष. व्याहीबुवा, मी शाळेत असताना माझ्या कुठल्याच कामाची अशी बारकाईनं तपासणी झाली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मी आपल्याला पूर्ण दोष देऊ शकत नाही. टोपी मी भांड्याच्या मापानं केली. ती भांड्याला बसली. यात किटलीची काही चूक नाही.

पार्सलात चिठ्ठी का घातली नाही, हेही विचारलं जाईल. घालणार होतो. चार ओळी लिहिल्याही. पण पार्सल घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावानं पाठवायचं, म्हणजे आपल्या. आणि आपण चिठ्ठीतल्या ऱ्हस्वदीर्घाला खुणा करणार, हे मनात आलं. म्हटलं, टोपी आहे, ती काय वाचून समजायची वस्तू आहे? ज्याला डोकं आहे त्याला कळेल. पार्सल त्याच ड्रायव्हरच्या हाती दिलं. त्यानं परत आल्यावर सांगितलं की साहेबांनी ते हलवून पाहिलं, कानाशी लावलं, आणि म्हणाले, ठेवा तिथे. आमची मुलगी त्या वेळी प्रवासाच्या कागदांसाठी बाहेर गेली होती. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा आपल्याकडे पाहुणे बसले होते, आणि मधोमध टेबलावर माझा बेडूक वाफ सोडत होता.

तिनं रात्री फोन केला. आवाज अगदी बारीक होता, मागे नळ सुरू होता. म्हणाली, "बाबा, टोपी छान झालीय." मी विचारलं, डोक्याला बसली का? ती म्हणाली, "बघते." तिच्या बघते या शब्दाचे अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहेत. मग तीच म्हणाली, "सगळ्यांना फार आवडली हो. आईंनी पाहुण्यांना उचलून दाखवली. माझ्याच्यानं मध्ये बोलवेना. आता सांगू का त्यांना?" मी म्हणालो, नको. त्यांना चहा पिऊ दे. तुला अजून महिनाअखेरपर्यंत तिथे राहायचंय.

भिंगरीचं काय झालं ते तिनं पुढे सांगितलं, आणि आपल्या दुसऱ्या मुद्द्यातही आलं आहे, फक्त निराळ्या शब्दांत. भिंगरीनं बेडूक लगेच ओळखला. तिची आई सोडली तर घरात दुसऱ्या कुणाला तो ओळखता आला नाही, ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा आठवतो आणि मला जरा बरं वाटतं. ती टेबलापाशी खुर्ची ओढून बसली आणि त्याच्याशी बोलायला लागली. तो गरम लागला म्हणून ड्रायव्हरला ताप आलाय असं तिनं ठरवलं आणि कुणाला चहा ओतू देईना. तो आपल्यासाठी थांबावा म्हणून ती डराव डराव करत होती. आपण लिहिता, "मुलगी किटलीसमोर बसून घशातून विचित्र आवाज काढते. रविवारी आपल्याशी फोनवर बोलणं झाल्यानंतर हा आवाज वाढतो, असं निरीक्षण आहे. डॉक्टरांनी घसा स्वच्छ असल्याचं सांगितलं, तथापि खबरदारी म्हणून औषध चालू केलं आहे व प्रवास टाळणं इष्ट." माझ्या गोष्टीवर औषध चालू आहे. दिवसातून दोनदा, चमच्यानं. थंडीचं कारण मिटावं म्हणून मी टोपी केली, आणि त्या टोपीनं आपल्याला घशाचं कारण मिळवून दिलं. आजवर मी फाडून पुन्हा शिवलेल्या सीटा पुष्कळ आहेत, पण इतकं उलटं काम माझ्या हातून पहिल्यांदाच झालं.

आता तिसरा मुद्दा. "निरोपाच्या वेळी गर्दी झाल्यास मूल बावरतं, सबब आपण येण्याची तसदी घेऊ नये. निरोप फोनवर घ्यावा." गर्दी हा शब्द मी परत परत वाचला. व्याहीबुवा, मी एकटा माणूस. हिच्या माघारी माझ्या घरात गर्दी म्हणजे मी आणि माझी सावली, आणि सावलीला तुमच्या दिवाणखान्यात जागा लागत नाही. मागे एकदा आलो होतो तेव्हाही फार जागा घेतली नव्हती. दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. भिंगरी झोपली होती. उठवू नका, दुपारी झोप मोडली की ती चिडचिड करते, असं तुम्ही सांगितलंत, ते बरोबरच असेल. मी शेवटच्या गाडीपर्यंत बसलो. तिचे चपलांचे जोड दाराशी होते ते बघितले, बोटानं माप घेतलं. (तेव्हा डोक्याचं माप लागेल हे माहीत नव्हतं.) त्याच किटलीतला चहा मला मिळाला होता. तो कोमट होता. तेव्हा किटलीला टोपी नव्हती.

वरच्या ओळींत मी आपण सोडून तुम्ही म्हणालो आहे, ते आत्ता लक्षात आलं. खोडत नाही. खोडलेलं आपल्याला आवडत नाही.

माझा राग आहे असं मात्र समजू नये. आपण वाईट माणूस नाही, हे मी देवापुढेही कबूल केलं आहे. आपल्यासाठी मी रोज प्रार्थना करतो. काय मागतो ते विचारू नये. त्यानं अजून मंजूर केलेलं नाही. मला एवढंच कधी कधी वाटतं की आयुष्यभर दुसऱ्यांच्या वर्गात शिरून भिंती, फळे आणि मुलं तपासली की माणसाला प्रत्येक खोलीत काय कमी आहे ते आधी दिसत असावं. माझ्या खोलीत बरंच कमी आहे. पण तिथे एक माणूस आहे ज्याला बेडकाची बस कुठल्या थांब्यावर उभी आहे ते माहीत आहे, आणि ही गोष्ट भिंत दाबून कळत नाही.

गेल्या रविवारी भिंगरीनं मला विचारलं की विमानापुढे डराव म्हटलं तर विमान थांबेल का. मी सांगितलं, विमानाचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही त्याच्याशी ओळख करून घ्या ना." मी बरं म्हणालो. त्यानंतर तिकडून चमचा वाजल्याचा आवाज आला आणि औषधाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला गेला.

असो. पत्र फार लांबलं. मी काही मागायला हे लिहिलेलं नाही. एकदा मागून झालं, आपण उत्तर दिलंत, विषय संपला. वस्तू कशासाठी होती याची नोंद बरोबर असावी, एवढ्यासाठीच लिहिलं. विहीणबाईंना नमस्कार. त्यांना टोपीचं कळवू नये. त्यांनी पाहुण्यांसमोर कौतुकानं दाखवली आहे, त्यांना उगीच संकोच वाटेल. चहा गरम प्यावा.

आपला,
सूनबाईंचा बाप

ता. क. आमच्या मुलीला या पत्राची काही कल्पना नाही. तिनं मला सांगू का म्हणून विचारलं होतं आणि मी नको म्हटलं होतं. म्हणून जे काही विचारायचं ते मला विचारावं. मी उभाच आहे.

दुसरा ता. क. सोबतच्या पुडक्यात किटलीचं आवरण आहे. हे खरोखर किटलीचंच. माप घ्यायची गरज पडली नाही, तेच पातेलं वापरलं. रंग तपकिरी घेतला आहे, डाग दिसणार नाहीत. वरच्या दोन मुठी आपल्या सूचनेप्रमाणे सारख्या उंचीच्या केल्या आहेत. हे घालावं आणि बेडूक मोकळा करावा. त्याचा डावा डोळा बसका आहे कारण त्यात जुन्या सीटचा स्पंज गेला; शिवाय वाफेनं टाके सैल झाले असतील आणि स्पंज लहान मुलाच्या तोंडात जायची भीती आहे, तेव्हा दुरुस्तीसाठी टोपी माझ्याकडे परत पाठवणं जरुरीचं आहे. पार्सलनं मात्र पाठवू नये. मागच्या वेळी डोकं समोर नसताना काम केल्यानं काय झालं ते आपण पाहिलंच. वर्षभरात ते वाढलंही असणार. म्हणून टोपीबरोबर डोकंही पाठवावं. दुरुस्तीला चार दिवस लागतील. डोकं महिनाअखेरच्या आत सुखरूप परत पोचवीन. आपल्या बाजूच्या गाडीची पुढची सीट मी नव्यानं शिवून ठेवली आहे, ड्रायव्हरला सांगितलं आहे, आईला सोबत बसवावं. आपण स्वतः घेऊन आलात तर फारच चांगलं, तपासणीही होईल. माझ्या खोलीची भिंत मी खरवडून पुन्हा गिलावा करून घेतली आहे आणि ती वाळली आहे. बोटानं दाबून पाहावी. रुमाल मी देईन.

तिसरा ता. क. आधी लिहिलं की मी काही मागायला लिहीत नाही. पण गोष्टीतला नियम मीच केला आहे, जो लाजतो त्याची बस निघून जाते, आणि भिंगरी म्हणते तो मलाही लागू आहे. या वयात, आपल्यासारख्या माणसाला, पत्रातून हे लिहिणं शोभत नाही. तरी लिहितो.

डराव.